'जागा गेली हो': अमेरिकेतल्या घरांच्या लढ्यात कृष्णवर्णीय नेत्यांनी काय केलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याचा विषय निघाला की आपल्याला बस आठवते, शाळा आठवते, मतदान आठवतं. घर सहसा आठवत नाही. सगळ्यात चिवट भांडण मात्र घरावरूनच झालं आणि ते अजून मिटलेलं नाही.

'फेअर हाउसिंग' आणि 'अफोर्डेबल हाउसिंग' एकच का?

नाही, आणि ही गल्लत सुरुवातीलाच दूर केलेली बरी. मालक तुमचा रंग पाहून 'जागा गेली हो' म्हणतो, तेव्हा तो फेअर हाउसिंगचा प्रश्न. मालक हसतमुखानं किल्ली पुढे करतो पण भाड्याचा आकडा ऐकून तुमच्या पोटात गोळा येतो, तेव्हा तो अफोर्डेबल हाउसिंगचा. पहिल्यावर कायदा करून भागतं, निदान कागदावर तरी. दुसऱ्यासाठी सरकारला तिजोरी उघडावी लागते. पहिल्यावर भाषणं भरपूर आणि दुसऱ्यावर हात आखडता, असं झालं ते त्यामुळेच. खाली भेटणाऱ्या बहुतेक माणसांना हे दोन्ही प्रश्न एकाच छपराखाली नांदतात हे पक्कं ठाऊक होतं.

गुलामगिरी तर १८६५ मध्येच संपली. मग घर घ्यायला बंदी कोणत्या कायद्यानं होती?

मालमत्ता विकत किंवा भाड्यानं घेण्याचा जो हक्क गोऱ्या नागरिकाला, तोच सगळ्यांना, असं १८६६ च्या नागरी हक्क कायद्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. तो कायदा शंभर वर्षं पुस्तकात पडून राहिला. दरम्यान शहरांनी आपापले नियम केले. बाल्टिमोरमध्ये एका कृष्णवर्णीय वकिलानं गोऱ्यांच्या गल्लीत घर घेतलं, आणि १९१० मध्ये महापालिकेनं कोणी कोणत्या गल्लीत राहायचं याचाच नियम करून टाकला. इतर शहरांनी तो उचलला.

केंटकीतल्या लुइव्हिलमध्ये विल्यम वॉर्ली यांनी हा नियम मोडायला शक्कल लढवली. ते एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेचे प्रमुख. त्यांनी बुकॅनन नावाच्या गोऱ्या दलालाकडून गोऱ्यांच्या भागातला प्लॉट घ्यायचा करार केला आणि त्यात अट घातली: इथे राहायला कायद्यानं मला मनाई असेल, तर पैसे देणार नाही. मग खरोखरच पैसे दिले नाहीत. आता कोर्टात कोण गेलं? गोरा विक्रेता! 'या नियमामुळे माझा सौदा बुडाला' अशी तक्रार घेऊन. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नियम रद्द केला. निकालाचा मुख्य आधार समतेपेक्षा मालकाचा मालमत्ता विकण्याचा हक्क हा होता. वॉर्लींचा डाव नेमका तोच होता. समोरचा ज्या भाषेत ऐकतो त्या भाषेत त्यांनी दावा उभा केला.

मग 'खरेदीखतातली अट' हा काय प्रकार?

ही खाजगी वाट आधीपासून होतीच, सरकारी नियम पडल्यावर तिनं जोर धरला. गल्लीतले मालक एकत्र येऊन सह्या करत, की आपलं घर अमुक वंशाच्या माणसाला विकणार नाही, भाड्यानं देणार नाही. ही अट घराबरोबर पुढच्या मालकाकडे जाई. सेंट लुइस शहरातल्या लबाडी अव्हेन्यूवर (नाव खरोखर हेच आहे, मराठी कानाला दचकायला होतं) १९११ मध्ये ३९ पैकी ३० मालकांनी अशी सही केली होती. मुदत ५० वर्षं. बंदी कृष्णवर्णीयांना आणि 'मंगोल वंशाच्या' लोकांना.

१९४५ मध्ये जे. डी. आणि एथेल शेली या दांपत्यानं तिथलं एक घर घेतलं. अटीची त्यांना कल्पना नव्हती. क्रेमर नावाच्या मालकांनी दावा लावला. जॉर्ज व्हॉन या कृष्णवर्णीय वकिलानं शेलींची बाजू लढवली आणि खर्चासाठी शहरातले कृष्णवर्णीय मालमत्ता-दलाल धावून आले. दलालांबद्दल आपण सहसा चांगलं बोलत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

दावा वॉशिंग्टनला पोचला तेव्हा सोबत डेट्रॉइट आणि राजधानीतलेही तसेच दावे होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात थरगुड मार्शल, त्यांचे गुरू चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिसचे लोरेन मिलर हे कृष्णवर्णीय वकील उभे राहिले. नऊपैकी तीन न्यायमूर्ती सुनावणीला बसलेच नाहीत. त्यांच्या स्वतःच्या घरांवरच अशा अटी असाव्यात, असा समज तेव्हापासून आहे. ३ मे १९४८ रोजी उरलेल्या सहांनी एकमतानं सांगितलं, की असा करार खाजगीत कोणी करो, पण तो पाळायला लावण्यासाठी कोर्टाची ताकद वापरता येणार नाही.

थोडक्यात, अट बेकायदा ठरली नाही, नुसती दात पाडलेली राहिली. अमेरिकेत जुन्या घरांच्या कागदपत्रांत ती आजही सापडते.

रेडलायनिंगचं नाव सतत ऐकू येतं. ते नक्की काय?

१९३० च्या दशकात मंदीत बुडालेली गृहकर्जं सावरायला सरकारनं महामंडळ काढलं आणि शहरांचे नकाशे रंगवून घेतले. हिरवा रंग उत्तम, निळा बरा, पिवळा उतरणीला लागलेला, लाल धोकादायक. कृष्णवर्णीय वस्ती जवळपास हमखास लाल. अशा लाल भागाला कर्ज नाकारायचं, ते रेडलायनिंग. १९३४ मध्ये आलेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशननं गृहकर्जांना हमी द्यायला सुरुवात केली, तीही याच दृष्टीनं. त्या हमीवर गोऱ्या मध्यमवर्गानं उपनगरं उभी केली.

बँक दारात उभी करत नसेल तर माणूस काय करतो? शिकागोत लोक 'काँट्रॅक्ट'वर घरं घेत. विक्रेता घर ताब्यात देई, पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी त्याचीच. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही. क्लाइड रॉस यांनी नॉर्थ लॉनडेल भागात २७,५०० डॉलरला घर घेतलं. विक्रेत्यानं तेच घर काही महिन्यांपूर्वी १२,००० ला उचललं होतं. १९६८ मध्ये रॉस आणि त्यांच्यासारख्यांनी 'काँट्रॅक्ट बायर्स लीग' काढली आणि हप्ते रोखून धरले. शेकडो कुटुंबांचे करार नव्यानं, कमी किमतीत झाले. कोर्टातले मोठे दावे मात्र ते हरले. आपल्या हक्काच्या घराचे हप्ते हट्टानं थांबवायचे म्हणजे काय जिगर लागते, हे हप्ते भरणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

रॉबर्ट वीव्हर यांचं नाव इतकं कमी का ऐकू येतं?

कारण ते मोर्चातले नव्हते, फायलीतले होते. जन्म १९०७, वॉशिंग्टन. हार्वर्डमधून १९३४ मध्ये अर्थशास्त्राची डॉक्टरेट. रूझवेल्ट यांच्या सरकारात जे कृष्णवर्णीय सल्लागार पडद्यामागून काम करत, त्यांच्यातले ते एक. सरकारी पैशानं बांधल्या जाणाऱ्या वसाहतींत कृष्णवर्णीयांना घरं मिळावीत आणि बांधकामावर कामही मिळावं, हा त्यांचा आग्रह. १९५५ मध्ये ते न्यूयॉर्क राज्याचे भाडे-नियंत्रण प्रशासक झाले. घराचं धोरण त्यांना भाड्याच्या पावतीपासून ठाऊक होतं.

केनेडींनी १९६१ मध्ये त्यांना केंद्रीय गृहनिर्माण यंत्रणेचं प्रमुख केलं. शहरांसाठी स्वतंत्र खातं काढून वीव्हरना मंत्री करायचं घाटत होतं, पण दक्षिणेकडच्या खासदारांना मंत्रिमंडळात कृष्णवर्णीय माणूस नको होता आणि प्रस्ताव पडला. खातं अखेर १९६५ मध्ये जॉन्सन यांच्या काळात निघालं आणि जानेवारी १९६६ मध्ये वीव्हर त्याचे पहिले मंत्री झाले. अमेरिकेच्या इतिहासातले पहिले कृष्णवर्णीय कॅबिनेट मंत्री. याच खात्याला 'हड' म्हणतात.

'अर्बन रिन्यूअल', म्हणजे शहर-नूतनीकरणाच्या नावाखाली बुलडोझर फिरला तो बहुतेक वेळा कृष्णवर्णीय वस्त्यांवरच, आणि वीव्हर मंत्री असतानाही ते थांबलं नाही. आत शिरलेल्या माणसाच्या हाताला किती बळ असतं, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत टाळता येत नाही. १९७७ मध्ये याच खात्याच्या मंत्री झालेल्या पॅट्रिशिया रॉबर्ट्स हॅरिस या कॅबिनेटमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला.

मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या झोपडवजा इमारतीत राहायला का गेले?

दक्षिणेत 'गोऱ्यांसाठी' अशी पाटी असे, ती काढता तरी येत होती. उत्तरेत पाटीच नव्हती. दलाल गोड बोलून दुसरा भाग दाखवायचा, बँक गोड बोलून कर्ज नाकारायची. हे उघडं पाडण्यासाठी किंग जानेवारी १९६६ मध्ये नॉर्थ लॉनडेलमध्ये साउथ हॅमलिन अव्हेन्यूवर तिसऱ्या मजल्यावरच्या जागेत राहायला गेले. भाडं महिना ९० डॉलर. भाडेकरू कोण आहे हे कळताच मालकानं घाईघाईनं डागडुजी करून घेतली! किंग प्रत्येक इमारतीत राहायला गेले तर शहराचा प्रश्न सुटेल, असा विनोद कोणाला सुचला नसेल तरच नवल.

स्थानिक संघटना आणि शिक्षक-कार्यकर्ते अल रेबी यांच्यासोबत त्यांनी गोऱ्या वस्त्यांतून मोर्चे काढले. ५ ऑगस्टला मार्क्वेट पार्क (Marquette Park) या भागात दगडफेक झाली आणि एक दगड किंग यांना लागला. इतका द्वेष आपण दक्षिणेतही पाहिला नाही, असं ते नंतर म्हणाले. २६ ऑगस्टला महापौर डेली आणि दलालांच्या संघटनेशी समझोता झाला. आश्वासनं होती, तारखा नव्हत्या. चळवळीतल्याच अनेकांना ती माघार वाटली, आणि मला वाटतं त्यांचं फारसं चुकलं नाही.

मिलवॉकीच्या २०० रात्रींची गोष्ट काय?

व्हेल फिलिप्स १९५६ मध्ये मिलवॉकीच्या नगर परिषदेवर निवडून आल्या. तिथल्या पहिल्या महिला आणि पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य. १९६२ मध्ये त्यांनी घर देताना भेदभाव करण्यावर बंदी घालणारा ठराव मांडला. निकाल: १८ विरुद्ध १. ते एक मत त्यांचं. पुन्हा मांडला, पुन्हा १८ विरुद्ध १. असं एकंदर चारदा.

ऑगस्ट १९६७ मध्ये एनएएसीपीच्या युवा शाखेतली मुलं रस्त्यावर उतरली. सोबत जेम्स ग्रॉपी हे गोरे कॅथलिक पाद्री. शहराचा कृष्णवर्णीय भाग आणि गोरा दक्षिण भाग यांच्यामध्ये सोळाव्या रस्त्याचा लांबलचक पूल. पोरं तो ओलांडून गेली तेव्हा पलीकडे हजारोंचा जमाव दगड-बाटल्या घेऊन उभा होता. पोरं दुसऱ्या रात्री परत गेली. विस्कॉन्सिनच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतही मोर्चे चालू राहिले, २०० रात्री. एप्रिल १९६८ अखेर शहरानं नियम मंजूर केला.

घर देताना भेदभाव करायला बंदी घालणारा १९६८ चा केंद्रीय 'फेअर हाउसिंग' कायदा किंग यांच्या हत्येमुळे झाला, हे खरं का?

अर्धं खरं. सिनेटमध्ये विधेयक आधीच मंजूर झालं होतं, मार्च १९६८ मध्ये. ते पुढे रेटलं मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड ब्रूक आणि मिनेसोटाचे वॉल्टर माँडेल यांनी. ब्रूक हे थेट लोकांनी निवडून दिलेले पहिले कृष्णवर्णीय सिनेटर, आणि पक्षानं रिपब्लिकन. दुसऱ्या महायुद्धात लढून परतलेल्या या अधिकाऱ्याला स्वतःच्या कुटुंबासाठी हवं तिथे घर घेता आलं नव्हतं, हे त्यांनी सभागृहात सांगितलं. एनएएसीपीचे क्लॅरेन्स मिचेल सदस्यांच्या दारोदार फिरत होते. सिनेटमध्ये शंभर सदस्य असतात. मिचेलना लोक '१०१ वा सिनेटर' म्हणत.

प्रतिनिधिगृहात मात्र विधेयक रखडण्याची चिन्हं होती. ४ एप्रिलला किंग यांची हत्या झाली, शहरं पेटली, १० एप्रिलला विधेयक पारित झालं, ११ ला जॉन्सन यांनी सही केली. मतं जुळवण्यासाठी अंमलबजावणीची कलमं आधीच पातळ केलेली होती. 'हड'नं तक्रारदार आणि मालक या दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालायची, बस. खरे दात आले ते १९८८ च्या दुरुस्तीनं.

आणि परवडण्याचं काय?

इथे पुन्हा ब्रूकच येतात. १९६९ मध्ये सेंट लुइसच्या सरकारी वसाहतींतल्या भाडेकरूंनी नऊ महिने भाडं भरलं नाही. त्यात मोठा वाटा कृष्णवर्णीय महिलांचा. काहींची निम्म्याहून अधिक कमाई भाड्यात जात होती. त्याच वर्षी 'ब्रूक दुरुस्ती' आली: सरकारी घराचं भाडं कुटुंबाच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर जाता कामा नये. १९८१ मध्ये ती मर्यादा ३० टक्के झाली. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असावं हा हिशेब आज जगभर सांगितला जातो. अमेरिकेच्या कायद्यात तो असा, भाडं रोखून धरणाऱ्या बायकांच्या रेट्यानं पक्का झाला.

याची दुसरी बाजूही आहे. भाडं कमी झालं, पण तूट भरून काढायला अमेरिकी संसदेनं पुरेसे पैसे दिले नाहीत. लिफ्ट बंद, पाइप गळके, आणि वसाहती बदनाम. दोष दुरुस्तीचा नव्हता, अर्ध्यावर सोडलेल्या खर्चाचा होता.

त्याआधी १९६३ च्या हिवाळ्यात हार्लेममध्ये जेसी ग्रे यांनी भाडेबंद संप उभारला. भाडेकरू घरातले मेलेले उंदीर पुरावा म्हणून कोर्टात घेऊन गेले. पुढे सेंट लुइसमध्ये बर्था गिल्की आणि वॉशिंग्टनमध्ये किमी ग्रे या महिलांनी आपापल्या सरकारी वसाहतींचा कारभार भाडेकरूंच्या हाती आणला.

विनोबांचा या सगळ्याशी संबंध आहे, असं कुठेतरी वाचलं. खरं?

खरं आहे, आणि मराठी वाचकाला हे माहीत नसावं याची मला हळहळ वाटते.

जॉर्जियात मतदार नोंदणीचं काम करणारे चार्ल्स शेरॉड यांना एक गोष्ट वारंवार दिसे: कृष्णवर्णीय शेतकऱ्यानं मतदानाला नाव नोंदवलं की जमीनमालक त्याला घराबाहेर काढी. जमीन दुसऱ्याची, म्हणून घर दुसऱ्याचं, म्हणून मतही दुसऱ्याचं. यावर उपाय शोधताना शेरॉड, त्यांच्या पत्नी शर्ली आणि जॉर्जियातल्याच ऑल्बनी शहराचे कार्यकर्ते स्लेटर किंग यांची गाठ बॉब स्वान या गोऱ्या शांतिवादी कार्यकर्त्याशी पडली. स्वान यांच्या डोक्यात ग्रामदान होतं. पेणजवळच्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९५१ मध्ये भूदान सुरू केलं. दान मिळालेली सुटी जमीन पुन्हा विकली जाते, सावकाराकडे जाते, हे लक्षात आल्यावर जमीन सबंध गावाची ठेवण्याकडे, ग्रामदानाकडे चळवळ वळली. या मंडळींनी इस्रायलमध्ये जाऊन तिथली भाडेपट्ट्याची पद्धतही पाहिली.

१९६९ मध्ये 'न्यू कम्युनिटीज' उभी राहिली. सुमारे ५,७०० एकर. त्या काळी कृष्णवर्णीयांच्या मालकीचा तो देशातला सगळ्यात मोठा सलग तुकडा होता. अमेरिकेतला पहिला कम्युनिटी लँड ट्रस्ट तो हाच. पद्धत सोपी आहे: जमीन कायम न्यासाची, घर तुमचं, मध्ये दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. घर विकताना किंमत ठरलेल्या सूत्रानं, म्हणजे पुढच्यालाही परवडावं.

न्यू कम्युनिटीजचं स्वप्न मात्र पुरं झालं नाही. सरकारी अनुदान राजकारणात अडकलं, घरांचा बेत बहुतांशी कागदावर राहिला, शेती तेवढी चालली. दुष्काळात गोऱ्या शेतकऱ्यांना मिळणारी तातडीची कर्जं यांना नाकारली आणि १९८५ मध्ये जमीन गेली. कृषी खात्यातल्या भेदभावाच्या खटल्यात २००९ मध्ये त्यांना सुमारे १ कोटी २० लाख डॉलर मिळाले. त्यातून शेरॉड दांपत्यानं ऑल्बनीजवळ १,६०० एकरांहून मोठा मळा घेतला. तो एके काळी गुलाम राबवणाऱ्या बड्या जमीनदाराचा होता. लँड ट्रस्टची कल्पना एव्हाना देशभर पसरली होती. आज अमेरिकेत असे दोनशेहून अधिक न्यास आहेत.

भेदभाव झाला हे सिद्ध कसं करतात? मालक तर 'जागा गेली' एवढंच म्हणतो.

टेस्टर पाठवून, म्हणजे भाडेकरू असल्याचं भासवून चौकशी करणारी माणसं पाठवून. व्हर्जिनियात रिचमंडजवळ एका निवास संकुलाबद्दल चौकशी करायला सिल्व्हिया कोलमन या कृष्णवर्णीय टेस्टर गेल्या, तेव्हा जागा नाही असं उत्तर मिळालं. गोऱ्या टेस्टरला रिकाम्या जागा सांगितल्या गेल्या. कंपनीचा युक्तिवाद असा, की कोलमन यांना घर घ्यायचंच नव्हतं, मग नुकसान कसलं? १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: खरी माहिती मिळणं हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. तो नाकारला, एवढं नुकसान दाव्याला पुरे.

न्यू जर्सीत भाड्यानं राहणाऱ्या मराठी कुटुंबाला या कायद्याचा काही उपयोग?

रोजचा आहे. वंश, रंग, धर्म आणि मूळ देश या कारणांनी घर नाकारता येत नाही. लिंग हे कारण १९७४ मध्ये, अपंगत्व आणि घरात लहान मुलं असणं ही कारणं १९८८ मध्ये जोडली गेली. 'हड'कडे एका वर्षात तक्रार करता येते, कोर्टात दोन वर्षांत.

कायदा उलट्या दिशेनंही लागू होतो, हे आपले लोक विसरतात. मालक स्वतः राहत असलेल्या चार घरांपर्यंतच्या इमारतीला काही सूट आहे, पण जाहिरातीला नाही. वरचा मजला भाड्यानं द्यायचा आहे आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर 'फक्त भारतीय कुटुंबासाठी' असं टाकलं, तर ती जाहिरातच आहे. जात हा शब्द या केंद्रीय कायद्यात नाही. सिएटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये तो आपल्या भेदभावविरोधी नियमात घातला, घरभाड्यासकट. ठराव आणला पुण्यात जन्मलेल्या नगरसेविका क्षमा सावंत यांनी.

एवढं करून फरक किती पडला?

आज गोऱ्या कुटुंबांपैकी सुमारे ७४ टक्के स्वतःच्या घरात राहतात, कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्के. १९६० मध्येही दरी जवळपास एवढीच होती. उघड नकार कमी झाला, पण ज्या पिढीला कर्ज मिळालं नाही तिच्या नातवंडांकडे वारशाचं घर नाही, आणि ती उणीव कोणत्याही कोर्टाच्या निकालानं भरत नाही.

या जागा आज पाहायला मिळतात का?

शेलींचं घर सेंट लुइसमध्ये उभं आहे, राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून. मिलवॉकीच्या पुलाला ग्रॉपींचं नाव आहे, तर व्हेल फिलिप्स यांचं नाव एका रस्त्याला, आणि २०२४ पासून विस्कॉन्सिनच्या विधानभवनाच्या आवारात त्यांचा पुतळाही आहे. किंग राहिले ती हॅमलिन अव्हेन्यूवरची इमारत आता नाही. तिथे परवडणाऱ्या भाड्याच्या सदनिका बांधल्या आहेत आणि त्यांत भाडेकरू राहतात.